लष्करी ट्रकचा श्वास

अमेरिकन सैन्याच्या दप्तरी जीप ही मोटार नव्हे, तर पाव टनी ट्रक होती. विलिस आणि फोर्ड या दोन कारखान्यांनी १९४१ ते १९४५ या काळात असे सहा लाखांहून अधिक ट्रक बांधले. त्याच्या साठ अश्वशक्तीच्या इंजिनास भरवेगात मिनिटाला सुमारे ३,००० लिटर हवा लागे. लंडनच्या रस्त्यावर ही हवा निरुपद्रवी. परंतु इजिप्त-लिबियाच्या वाळवंटात तिच्याबरोबर गारगोटीचे सूक्ष्म कण आत शिरत, सिलिंडरच्या भिंती खरवडत, आणि थोड्याच दिवसांत इंजिन दुबळे होऊन पेट्रोलबरोबर तेलही जाळू लागे.

यावर उपाय म्हणजे तेलाचा एअर क्लीनर. त्यात हवा तेलाच्या पृष्ठभागावर आदळून एकदम उलट फिरते. हवा वळते, पण जड कणांना वळता येत नाही, ते तेलात रुततात. उरलेसुरले वरच्या तेलकट जाळीत अडकतात. तेल खुणेच्या वर गेले तर ते इंजिनात ओढले जाते, खाली राहिले तर धूळ निसटते. धुळीच्या मुलखात हे भांडे पाहणे ड्रायव्हरला तोंड धुण्याइतके नित्याचे होते.

तथापि एअर क्लीनर ही नुसती चाळणी नव्हे. तो कार्ब्युरेटरच्या हिशेबातला भागीदार आहे. कार्ब्युरेटरच्या अरुंद घशातून हवा वेगाने गेली की तेथील दाब उतरतो, आणि शेजारच्या कुंडीतील पेट्रोल त्या कमी दाबाकडे धावते. वजनाने हवा पंधरा भाग तर पेट्रोल एक भाग, हे सामान्य प्रमाण. आता कुंडीचे श्वासछिद्र बाहेरच्या हवेत उघडत असेल आणि क्लीनर तुंबला असेल, तर घशातील दाब आणखी उतरतो, कुंडीवरचा मात्र तसाच राहतो. पेट्रोल अधिक ओढले जाते व वारा न मिळालेल्या स्टोव्हप्रमाणे काळा धूर सुटतो. तेच छिद्र क्लीनरच्या पुढील नळीत उघडले, तर दोन्हीकडचे दाब बरोबरीने उतरतात आणि मिश्रण फारसे बिघडत नाही.

६ जून १९४४ रोजी नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर प्रश्न पाण्याचा होता. त्यासाठी हवेच्या नळ्या उंच केल्या, सांधे चिकट लेपाने बुजविले. कारण एक ट्रक पाण्यात बंद पडला की मागची रांग तोफांच्या माऱ्यात अडकणार. हा तात्पुरता खटाटोप १९५० च्या ‘एम-३८’ जीपमध्ये कायमचा झाला. तिच्या कार्ब्युरेटरची कुंडी मोकळ्या हवेशी न ठेवता क्लीनरच्या मार्गाशी जोडली होती.

जुने ट्रक हौसेने दुरुस्त करणारे आज नेमके येथेच फसतात. बोल्टांची छिद्रे जुळली म्हणून ते नागरी मोटारीचा कार्ब्युरेटर बसवितात, गाडी अंगणात सुरळीत चालते, आणि पहिल्याच ओढ्यात कुंडीच्या उघड्या छिद्रातून पाणी पेट्रोलात उतरते.