शर्यतीची बोट, लढाईची बोट आणि भंगाराचा भाव

मंडळी, आपल्या शहराला समुद्र नाही. पाणी म्हटलं की आपल्यासमोर जायकवाडी येतं, तेही नळाला कधी येणार या काळजीसकट. तरीही आज बोटींवर लिहितोय. कारण प्रश्न बोटींपुरता नाही, जुनी वस्तू कोणत्या भावाने विकायची याचा आहे.

पहिलं महायुद्ध संपलं तेव्हा अमेरिकेत विमानांची इंजिनं शिल्लक पडली होती. गार वुड नावाच्या उद्योगपतीने ती स्वस्तात उचलली आणि शर्यतीच्या बोटींना बसवली. 1932 मध्ये त्याची ‘मिस अमेरिका दहा’ ताशी 200 किलोमीटरच्या वर पळाली. पुढच्याच वर्षी ब्रिटनचा ह्युबर्ट स्कॉट-पेन ‘मिस ब्रिटन तीन’ घेऊन त्याच्याशी भिडला आणि हरला. पण वेगवान बोट कशी बांधायची हे त्याला पक्कं कळलं होतं. त्याच्याच कारखान्यातून पुढे दुसऱ्या महायुद्धातल्या टॉर्पेडो बोटी निघाल्या. त्याच्या आराखड्यावरून अमेरिकेनेही तशा बोटी बांधायला घेतल्या.

म्हणजे हौसेची शर्यत थेट लढाईच्या कामी आली. टॉर्पेडो बोटीची पुढची पिढी म्हणजे क्षेपणास्त्र बोट. आपण सोव्हिएत रशियाकडून अशा आठ बोटी घेतल्या. 4 डिसेंबर 1971 च्या रात्री निपात, निर्घात आणि वीर या तीन बोटींनी कराचीवर हल्ला केला. या बोटी किनाऱ्याच्या राखणीसाठी केलेल्या, लांब पल्ल्याच्या नव्हेत. म्हणून त्यांना काही अंतर मोठ्या जहाजांनी ओढून नेलं. दरवर्षी 4 डिसेंबरला नौदल दिन साजरा होतो, तो याच रात्रीमुळे.

आता या बोटी म्हाताऱ्या झाल्यावर काय होतं ते बघा.

‘मिस ब्रिटन तीन’ ब्रिटनच्या राष्ट्रीय सागरी संग्रहालयाने जपली. शर्यत हरलेली बोट, तरी जपली. इटलीच्या रीवा कंपनीच्या जुन्या लाकडी स्पीडबोटी आज मोटारींच्या शौकिनांना हेवा वाटावा अशा किमतीला विकल्या जातात. लाकूड तेच, इंजिन जुनंच. मग भाव कशाचा? कोणी बांधली, कोणी चालवली, कुठे पळाली याची नोंद जपलेली असते त्याचा. लॅम्बोर्गिनी मोटारींच्या मालकाची स्वतःची रीवा बोट अशीच शोधून 2013 मध्ये पुन्हा पाण्यात उतरवली गेली.

आणि आपल्याकडे? 1971 मध्येच बंगालच्या उपसागरात लढलेली विक्रांत ही विमानवाहू युद्धनौका 1997 मध्ये निवृत्त झाली. मुंबईत काही वर्षं तिचं संग्रहालय चाललं. पुढे राज्य सरकारने खर्च झेपत नाही म्हणून हात वर केले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं, पण उपयोग झाला नाही. साठ कोटींच्या आसपास लिलाव झाला आणि 2014 च्या अखेरीस दारूखान्यात तिच्यावर गॅस कटर चालला. तिच्या लोखंडातून 2016 मध्ये बजाजची ‘व्ही’ मोटारसायकल आली. वाळूजमुळे बजाज आपल्याला घरचीच. पण विक्रांतची आठवण पेट्रोलच्या टाकीपुरती उरावी का?

ज्या कारवारवर आपण हक्क सांगतो, तिथे मात्र चपल ही क्षेपणास्त्र बोट किनाऱ्यावर आणून तिचं संग्रहालय केलंय. ती कराचीला गेलेली नव्हे, त्याच जातीची नंतर घेतलेली. तरी पोरं आत शिरतात, प्रश्न विचारतात.

आता सिंधुदुर्गात निवृत्त ‘गुलदार’ जहाज समुद्रात बुडवून पाण्याखालचं संग्रहालय करायचं ठरलंय. चांगलंच आहे. पण संग्रहालय म्हणजे उद्घाटनाची फीत नव्हे. दरवर्षीचा रंग, दुरुस्ती, माहिती सांगणारा माणूस हा सगळा खर्च आधी मांडावा लागतो. विक्रांत तिथेच हरली.

बावन्न दरवाजांच्या शहरात राहणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. त्यातले किती उरलेत ते मोजा. जुन्या वस्तूची गोष्ट सांगणारा कोणी उरला नाही की तिचा भाव किलोवर ठरतो.

तुमच्या मते काय जपायला हवं? खाली लिहा.