नव्ह शापेल: परक्यांच्या रणांतील एक गांव

उत्तर फ्रान्समध्यें बेत्यून शहराच्या ईशान्येस नव्ह शापेल नांवाचें एक लहानसें शेतकरी गांव आहे. ‘नव्ह’ म्हणजे नवें (आपल्या ‘नव’ शब्दाचाच हा दूरचा भाऊबंद) आणि ‘शापेल’ म्हणजे लहान प्रार्थनामंदिर. भोंवतालचा मुलूख सपाट व पाणथळ. थोडें खणलें कीं पाणी लागतें. त्यामुळें पहिल्या महायुद्धांत येथें खोल खंदक खणतां येत ना. मातीचे व पोत्यांचे बांध रचून सैनिकांस त्यांच्या आड राहावें लागे.

इ. स. १९१४ च्या ऑक्टोबरअखेर जर्मनांनीं हें गांव घेतलें. तें परत मिळविण्यासाठीं २८ ऑक्टोबर रोजीं ४७ वी शीख पलटण व तिच्याबरोबर तिसऱ्या सॅपर्स अँड मायनर्सच्या २० व २१ या दोन कंपन्या पुढें धाडण्यांत आल्या. या सॅपर्सचें मूळ ठाणें आपल्या पुण्याजवळ खडकीस. त्यांत शीख व मुसलमान यांच्याबरोबर मराठेही असत. पूल बांधणें, सुरुंग लावणें हें त्यांचें काम. परंतु त्या दिवशीं त्यांस संगिनी घेऊन पायदळाप्रमाणें घराघरांतून लढावयास लाविलें. गांवाचा बराच भाग त्यांनीं जिंकलाही; पण पाठीमागून कुमक न आल्यानें तो सोडावा लागला. लढणाऱ्यांच्या शौर्याविषयीं दुमत नाहीं. मात्र असे कसबी लोक अशा रीतीनें खर्ची घालण्यांत आम्हांस वरिष्ठांचा उतावीळपणाच अधिक दिसतो.

१० मार्च १९१५ रोजीं पुनः हल्ला झाला. ३५ मिनिटांच्या भडिमारांत गांव जवळजवळ भुईसपाट झालें व सकाळींच हातीं आलें. पुढें १३ तारखेपर्यंत झुंजूनही आघाडी फारशी सरकली नाहीं. हिंदी सैन्याचे सुमारें ४,२०० लोक मेले, घायाळ झाले अथवा बेपत्ता झाले. या लढाईस इंग्रजी इतिहासांत पानेंच्या पानें मिळालीं आहेत. ज्यांचीं घरें त्या ३५ मिनिटांत पडलीं, त्या शेतकऱ्यांच्या वांट्यास ओळसुद्धां क्वचितच येते.

एप्रिल १९१८ मध्यें याच भागांत पोर्तुगीज सैन्याची दाणादाण उडाली. सारें गांव पडलें असतां तेथील ख्रिस्ताची एक क्रूसमूर्ति मात्र छिन्नभिन्न होऊनही उरली होती. तीही गांवाजवळ राहिली नाहीं. १९५८ साली ती पोर्तुगालला देण्यांत आली व बताल्या येथील मठांत अज्ञात सैनिकाच्या समाधीपाशीं आहे.

गांवाबाहेरच्या चौरस्त्यावर हर्बर्ट बेकर यांनीं रचलेलें हिंदी सैनिकांचें स्मारक ७ ऑक्टोबर १९२७ रोजीं उघडण्यांत आलें. समारंभास मार्शल फॉश हजर होते. अशोकस्तंभाची आठवण देणारा उंच स्तंभ, आणि वर्तुळाकार भिंतीवर, ज्यांच्या देहाचा ठिकाण लागला नाहीं, अशा ४,७०० हून अधिक जणांचीं नांवें. दगडावर पलटण, हुद्दा व नांव एवढेंच आहे. बापाचें नांव व गांव हवें असेल तर स्मारकाची नोंदवही उघडावी लागते, आणि तेथेंही तें प्रत्येकापुढें नाहीं.