डेटा पोचला, बँक नाही पोचली

आपल्याकडे रेशन दुकानापासून तहसील कचेरीपर्यंत कुणी 'सर्व्हर डाऊन आहे' म्हटलं की विषय संपतो. का डाऊन, कुणामुळे, हे कुणी विचारत नाही. म्हणून मला ब्रिटनमधल्या टीएसबी बँकेची गोष्ट सांगावीशी वाटते. तिथे विचारलं गेलं, आणि पाच वर्षं विचारत राहिले.

ही बँक मुळात साध्या माणसांच्या बचतीची. १८१० मध्ये स्कॉटलंडमधल्या रुथवेल गावी हेन्री डंकन या पाद्र्याने बचत बँक काढली, त्या परंपरेतली. पुढे ती लॉइड्समध्ये विलीन झाली, २०१३ मध्ये पुन्हा वेगळी झाली आणि २०१५ मध्ये स्पेनच्या साबादेल बँकेने घेतली. खाती मात्र अजून लॉइड्सच्याच संगणकांवर, भाड्याने! शेवटी २०१८ च्या एप्रिलमध्ये, शनिवार-रविवार गाठून, सुमारे ५२ लाख खातेदारांची माहिती साबादेलच्या नव्या यंत्रणेवर हलवली.

२२ एप्रिलला, रविवारी संध्याकाळी सेवा उघडली आणि गोंधळ उडाला. लॉगिन होईना, फोन लागेना, काहींना तर दुसऱ्याचीच खाती दिसली. शाखांतही कामं अडली. या गडबडीत भामट्यांनीही हात धुऊन घेतले.

आता खरी गोम बघा. डेटा व्यवस्थित पोचला होता, हे चौकशीतही निघालं. बिघडलं ते त्यावर चालणारं बाकी सगळं. दोन डेटा सेंटर एकाच वेळी चालणार होती, पण भाराच्या चाचण्या घेतल्या एकाच सेंटरवर. साधी वेबसाइट एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर नेलेल्या कुणालाही विचारा. टेबलं सगळी येतात, पण ॲप्लिकेशन जुनाच पत्ता शोधत बसतं, नाहीतर युजरला परवानगी नसते, नाहीतर गर्दी झाली की कनेक्शनं पुरत नाहीत. आपण डेटा तपासत बसतो आणि दुखणं असतं मधल्या सांध्यात.

साबादेलच्याच संगणक कंपनीने तयारीचं पत्र दिलं होतं. नीट वाचलं तर त्यात 'तयार आहोत' कमी आणि 'तयार होऊ' जास्त. शिवाय ही कंपनी स्वतः डझनावारी बाहेरच्या पुरवठादारांवर अवलंबून. आपल्याकडच्या ठेकेदारीची आठवण झाली ना?

गाडी पूर्ण रुळावर यायला डिसेंबर उजाडला. मुख्याधिकारी पॉल पेस्टर सप्टेंबरमध्येच पायउतार झाले होते. खातेदारांना ३ कोटी २७ लाख पौंड भरपाई द्यावी लागली. चौकशीचा जाडजूड अहवाल बँकेने लोकांसमोर ठेवला, तो आजही कुणीही वाचू शकतो. २०२२ च्या डिसेंबरमध्ये नियामकांनी बँकेला ४ कोटी ८६ लाख ५० हजार पौंड दंड ठोठावला. आणि २०२३ च्या एप्रिलमध्ये संगणक विभागाचे तेव्हाचे प्रमुख कार्लोस अबार्का यांना वेगळा ८१,६२० पौंडांचा, बँकेच्या नावाने नाही, त्यांच्या स्वतःच्या.