एल, आय... आणि पुढे काहीच नाही

१९९८ सालची गोष्ट. आमच्या प्रयोगशाळेत सुटे भाग जमवून स्वस्तात उभा केलेला एक संगणक होता. त्यावर लिनक्स चाले. दिवाळीच्या सुट्टीनंतर तो सुरू केला, तर काळ्या पडद्यावर 'एल' आणि 'आय' ही दोनच रोमन अक्षरे उमटली आणि यंत्र गप्प झाले. सहा महिन्यांची निरीक्षणे आत अडकलेली! डिस्क बिघडली आहे, पुसून सगळे नव्याने भरा, असा सल्ला मिळाला. तो आम्ही मानला नाही हे बरे झाले.

त्या काळी संगणकाला वीज मिळाली की मदरबोर्डवरच्या चिपमधला 'बायॉस' हा प्रोग्रॅम जागा होई. तो डिस्कवरचा पहिला सेक्टर, म्हणजे अवघे ५१२ बाइट, स्मृतीत आणी आणि सूत्रे त्याच्याकडे देई. एवढ्याशा जागेत लिनक्स उचलून आणणारा प्रोग्रॅम मावत नसे. म्हणून वर्नर आल्मेसबर्गर यांनी १९९२ मध्ये लिहिलेल्या 'लिलो'चे दोन टप्पे होते. पहिला टप्पा सुरू होताच 'एल' छापी आणि दुसरा टप्पा डिस्कवरून आणून त्याच्यात उडी घेण्यापूर्वी 'आय' छापी. उरलेले 'एल' आणि 'ओ' दुसऱ्याने छापायचे. गाडी कुठे अडली ते नावातली अक्षरे मोजून कळावे, ही योजना मला आजही फार आवडते.

आमच्या यंत्राने डिस्कवरून काहीतरी आणले होते, पण ते भलतेच. असे का व्हावे?

बायॉसला डिस्कवरचा पत्ता सिलिंडर, हेड आणि सेक्टर या तीन आकड्यांत द्यावा लागे. सिलिंडरसाठी १० बिट होते, म्हणजे जास्तीत जास्त १०२४. आयबीएमच्या १९८३ च्या 'एक्सटी' संगणकातल्या १० मेगाबाइटच्या डिस्कवर ३०६ सिलिंडर होते, तेव्हा १०२४ ही चैनच वाटली असणार. पुढे आलेल्या स्वस्त 'आयडीई' डिस्कच्या पत्त्यात हेड फक्त १६ बसत. एका पद्धतीत सिलिंडर तोकडे, दुसरीत हेड तोकडे. दोन्ही पाळायच्या तर १०२४ × १६ × ६३ सेक्टर, म्हणजे सुमारे ५२ कोटी ८५ लाख बाइट, एवढीच डिस्क वापरता येई.

नव्वदीच्या मध्यावर डिस्क याहून मोठ्या झाल्या. मग बायॉस चक्क खोटे बोलू लागले: सिलिंडर कमी आणि हेड जास्त असल्याचे भासवायचे आणि आतल्या आत पत्ता बदलून घ्यायचा. 'सेटअप'मध्ये 'नॉर्मल', 'लार्ज', 'एलबीए' असे पर्याय आले. गंमत अशी की, पर्याय बदलला की त्याच सेक्टरचा पत्ता बदले. पहिल्या सेक्टरचा पत्ता मात्र तिन्हींत एकच. म्हणून तर आमचा 'एल' बिनचूक उमटत होता!

'सेटअप' उघडले तेव्हा घड्याळ कित्येक वर्षे मागे गेलेले दिसले आणि उलगडा झाला. मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल सुट्टीत संपला होता आणि जपलेल्या नोंदी पुसल्या जाऊन 'एलबीए'चे 'नॉर्मल' झाले होते. नवा सेल बसवला, 'एलबीए' निवडले. चारही अक्षरे उमटली, निरीक्षणेही जशीच्या तशी होती. त्याच दिवशी 'एलबीए' असे लिहिलेली चिठ्ठी संगणकाच्या पेटीवर चिकटवली.