ग्रंथपाल : एका व्यवसायनामाचा इतिहास आणि कडेगाव परिसराचा दाखला

मराठीत ग्रंथालयाच्या व्यवसायासंबंधी जे लेखन झाले आहे, त्यात संस्थांचे इतिहास पुष्कळ आहेत. त्या मानाने ज्या माणसाच्या हाती ही संस्था चालावयाची, त्याच्या शिक्षणाचा विचार थोडा झाला आहे. ज्याला पुस्तक मिळाले नाही, त्या वाचकाचा विचार तर त्याहूनही थोडा. ह्या दोन गोष्टी एकमेकींपासून निराळ्या नाहीत, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. भाषेच्या अभ्यासकाला त्यांचा संबंध प्रथम शब्दांत दिसतो. म्हणून आरंभ शब्दांपासून केला आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात महाराष्ट्रात जी वाचनालये निघाली, त्यांची नावे इंग्रजी होती. रत्नागिरीस १८२८ मध्ये आणि पुण्यास १८४८ मध्ये निघालेल्या संस्था 'नेटिव्ह जनरल लायब्ररी' ह्याच नावाने ओळखल्या जात. पुढे नावे मराठी झाली, तेव्हा दोन वळणे पडली. एक 'संग्रहा'चे : ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चे, मुंबईचे १८९८ चे. दुसरे वळण 'मंदिरा'चे : पुण्याचे नगर वाचन मंदिर, कोल्हापूरचे करवीर नगर वाचन मंदिर. पहिल्या शब्दात पुस्तक जमवून ठेवण्यावर भर आहे, दुसऱ्यात त्याच्या पावित्र्यावर. ज्या समाजात मंदिराच्या पायरीशी कोणी थांबावयाचे हे ठरलेले होते, त्या समाजाने वाचनाच्या जागेला 'मंदिर' म्हणावे ह्यात कोणाचा दुष्ट हेतू होता, असे सुचवावयाचे नाही. तथापि शब्द आपल्याबरोबर आपला उंबरठाही घेऊन येतात, एवढे नमूद करणे अवश्य आहे.

'ग्रंथपाल' हा शब्द ह्याच कुळातला. संस्कृतातील 'पाल्' ह्या धातूला दोन अंगे आहेत : रक्षण आणि पोषण. द्वारपाल अडवितो, गोपाल चारावयास नेतो. प्रत्यय एकच, पण वृत्ती अगदी उलट. कपाटाला कुलूप, किल्ली चिटणिसाच्या घरी आणि पुस्तकांची यादी एका वहीत, अशी व्यवस्था जेथे दीर्घकाळ होती, तेथील ग्रंथपाल हा द्वारपालाच्या जातीचा होता. ह्या माणसाला गोपाल कसे करावयाचे, हाच ग्रंथालय-शिक्षणाच्या इतिहासातला मुख्य प्रश्न होय. मराठी माणसाच्या संदर्भात त्याचे पहिले उत्तर महाराष्ट्रात नव्हे, तर बडोद्यास मिळाले.

सयाजीराव गायकवाडांनी १९०६ मध्ये सर्व राज्यात सक्तीचे व मोफत प्राथमिक शिक्षण लागू केले. शाळेतून बाहेर पडलेल्या मुलाच्या हाती पुढे काही वाचावयास न आले, तर दहा वर्षांत तो पुन्हा निरक्षर होतो, हे ओळखून त्यांनी विल्यम अॅलन्सन बोर्डेन ह्या अमेरिकन ग्रंथपालास १९१० मध्ये पाचारण केले. बोर्डेन तीन वर्षे राहिला. त्याने मध्यवर्ती ग्रंथालय उभारले आणि १९११ मध्ये ग्रंथपालांसाठी शिक्षणवर्ग काढला. हिंदुस्थानातील ग्रंथालय-शिक्षणाचा आरंभ ह्या वर्गापासून मानतात. लाहोरास एसा डॉन डिकिन्सनचा वर्ग १९१५ मध्ये, म्हणजे त्यानंतर चार वर्षांनी निघाला. १९१२ पासून 'लायब्ररी मिसेलनी' हे नियतकालिक इंग्रजी, गुजराती आणि मराठी अशा तीन भाषांत निघू लागले. मराठीत ग्रंथालयविषयक पारिभाषिक लेखनाची सवय ज्या पानांतून प्रथम लागली, ती ही पाने होत. भाषाभ्यासकांनी त्यांच्याकडे अजून पुरेसे लक्ष दिलेले नाही.

बोर्डेनच्या योजनेचे मर्म वर्गीकरणाच्या कोष्टकांत नव्हते. ते खेड्यातील ग्रंथालयाच्या खर्चाची वाटणी करण्याच्या रीतीत होते : गावाने एक हिस्सा उभारावा, तितकाच प्रांत पंचायतीने आणि तितकाच सरकारने घालावा. जेथे गावाला तेवढेही शक्य नव्हते, तेथे फिरत्या ग्रंथालयाची लाकडी पेटी जाई. पेटीला इमारत लागत नाही, कार्यकारी मंडळही लागत नाही. एखादा शिक्षक जबाबदारी घेण्यास तयार असला म्हणजे झाले. ज्यांना वाचता येत नव्हते त्यांच्यासाठी चित्रदर्शनाची शाखा होती. स्त्रियांसाठी आणि मुलांसाठी निराळे विभाग होते. बोर्डेननंतर हे काम पाहणाऱ्या जनार्दन सखाराम कुडाळकरांनी १९१९ मध्ये ह्या चळवळीवर इंग्रजीत ग्रंथ लिहिला, तो ह्या विषयाच्या विद्यार्थ्याने आजही वाचावा असा आहे.

परंतु ह्याच बडोद्याविषयी दुसरी एक नोंद इतिहासात आहे. सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर अमेरिकेत शिकून डॉ. आंबेडकर १९१७ मध्ये बडोद्याच्या नोकरीत रुजू झाले, तेव्हा त्या शहरात त्यांना राहावयास जागा मिळाली नाही. पारशी धर्मशाळेत नाव लपवून ते राहिले आणि तेथूनही बाहेर काढले गेले. ज्या शहरात पुस्तक गावोगाव पेटीतून हिंडत होते, त्याच शहरात पुस्तक वाचलेल्या माणसाला एक खोली मिळू नये! ह्यावरून ग्रंथालय-चळवळ फोल ठरत नाही. मात्र ग्रंथालयाच्या दारापर्यंत येण्याचा जो रस्ता असतो, तो ग्रंथपालाच्या शिक्षणक्रमात सहसा नसतो, हे त्यावरून ध्यानात येते.

ही गोष्ट केवळ आपल्याकडचीच म्हणावी तर तसेही नाही. जगातील पहिली ग्रंथालय-शाळा मेल्व्हिल ड्यूई ह्याने न्यूयॉर्कच्या कोलंबिया महाविद्यालयात १८८७ मध्ये काढली. विश्वस्तांचा विरोध असताना त्याने तीत स्त्रियांना प्रवेश दिला. पहिल्या तुकडीत स्त्रियांचीच बहुसंख्या होती. हाच ड्यूई पुढे आपल्या लेक प्लॅसिड क्लबात यहुदी लोकांना मज्जाव करी. त्यावरून ओरड होऊन न्यूयॉर्क राज्याच्या ग्रंथपालपदाचा राजीनामा त्याला १९०५ मध्ये द्यावा लागला, आणि २०१९ मध्ये अमेरिकन ग्रंथालय संघटनेने आपल्या पदकावरील त्याचे नाव काढून टाकले. एक दार उघडणारा हात दुसरे लावीत असतो.

आता आपल्या भागाकडे वळू. कडेगाव हे आज सांगली जिल्ह्यातील तालुक्याचे ठिकाण आहे. पूर्वी ते खानापूर तालुक्यात मोडे, आणि १९४९ मध्ये दक्षिण सातारा जिल्हा निराळा होईपर्यंत सातारा जिल्ह्यात होते. दक्षिण साताऱ्यास सांगली हे नाव १९६० मध्ये मिळाले. यशवंतराव चव्हाणांचे जन्मगाव देवराष्ट्रे ह्याच तालुक्यात येते. जवळच किर्लोस्करवाडी. तेथून १९२० मध्ये 'किर्लोस्कर खबर' निघाले, १९३० मध्ये 'स्त्री' आणि १९३४ मध्ये 'मनोहर'. माळरानावरच्या एका कारखान्याच्या वसाहतीतून मराठी मध्यमवर्गाची वाचनाची आवड घडविली गेली, हे आश्चर्य खरेच. पण ती मासिके विकत घेणारे वाचनालय आणि त्या वाचनालयाची वर्गणी भरणारा वाचक हे दोन्ही प्रायः शहरांत होते.

'वर्गणी' हा ह्या इतिहासातील सर्वांत महत्त्वाचा शब्द आहे, असे मला वाटते. सीताराम केशव बोले ह्यांचा जो ठराव मुंबईच्या कायदे कौन्सिलाने ऑगस्ट १९२३ मध्ये संमत केला, त्याने सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, न्यायकचेऱ्या, कार्यालये आणि दवाखाने अस्पृश्यांना मोकळे केले. ह्या यादीत वाचनालयाचा नामनिर्देश नाही. ह्याचे कारण, माझ्या मते, वाचनालयाच्या घटनेत आहे. ते सरकारी पैशावर उभे नव्हते; वर्गणीदारांची ती खाजगी मंडळी होती. तेथे कोणाला अडविण्यासाठी पाटी लावण्याची गरजच नसे. वर्गणी, अनामत आणि ओळखीच्या सभासदाची शिफारस ह्या तीन गोष्टी ते काम बिनबोभाट करीत. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१९ मध्ये सार्वजनिक ठिकाणी अस्पृश्यता पाळण्यास बंदी करणारे आदेश काढले होते, आणि त्याच संस्थानाने १९४५ मध्ये ग्रंथालयांसाठी कायदा केला. हिंदुस्थानातील हा पहिला ग्रंथालय-कायदा गणला जातो. मद्रासचा कायदा त्यानंतर तीन वर्षांनी आला. संस्थानाचे विलीनीकरण झाल्यामुळे कोल्हापूरचा प्रयोग रुजण्यास अवधी मिळाला नाही, ही आपल्या भागाची मोठीच हानी होय.

मुंबई सरकारने १९३९ मध्ये नेमलेल्या फैजी समितीने पुढल्या वर्षी जो अहवाल दिला, त्यात मध्यवर्ती ग्रंथालयापासून खेड्यातील ग्रंथालयापर्यंतची उतरंड आखली होती. तिची अंमलबजावणी स्वातंत्र्यानंतर हळूहळू सुरू झाली. साताऱ्यात १९५९ मध्ये ग्रामशिक्षण मोहीम निघाली आणि हजारो प्रौढ माणसे अक्षर ओळखू लागली. त्यांच्या हाती नंतर काय द्यावयाचे, हा बडोद्याचाच प्रश्न अर्ध्या शतकानंतर कृष्णाकाठी पुन्हा उभा राहिला. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७ मध्ये झाला आणि १ मे १९६८ पासून अमलात आला. ह्या कायद्याने ग्रंथालय-कर बसविला नाही. सरकारने ग्रंथालये स्वतः काढण्याऐवजी लोकांनी काढलेल्या संस्थांना मान्यता द्यावी आणि अ, ब, क, ड अशा वर्गांनुसार अनुदान द्यावे, असा मार्ग पत्करला. त्यामुळे संस्था वाढल्या, ह्यात शंका नाही. परंतु खेड्यातील ग्रंथपाल सरकारी नोकर झाला नाही, आणि वर्गणीही नाहीशी झाली नाही.

ह्या माणसाच्या शिक्षणाची सोय कोणती? डॉ. रंगनाथन ह्यांनी मद्रासेस १९२९ मध्ये वर्ग सुरू केला. पुणे विद्यापीठात हा विषय १९५८ मध्ये आला. कोल्हापूरचे शिवाजी विद्यापीठ, ज्याच्या क्षेत्रात कडेगाव येते, १९६२ चे. विद्यापीठाची पदवी घेतलेला मनुष्य महाविद्यालयाकडे किंवा मोठ्या शहराकडे जातो, हे स्वाभाविकच आहे. 'ड' वर्गाच्या ग्रंथालयाला राहतो तो काही महिन्यांचा प्रमाणपत्र वर्ग केलेला, संध्याकाळचे तीन तास दार उघडणारा आणि दिवसा दुसरे काही काम करणारा माणूस. त्याला दाखलनोंद, वर्गांक, तालिका हे शिकविले जाते, आणि ते शिकविलेच पाहिजे. पण रंगनाथनांनी आपल्या पंचसूत्रीच्या ग्रंथात (१९३१) दुसऱ्या सूत्राखाली स्त्रिया, खेडूत, अंध, बंदिवान अशा एकेका वाचकवर्गाचा जो विचार केला आहे, तो प्रमाणपत्राच्या परीक्षेत एका ओळीच्या व्याख्येपुरता उरतो. 'प्रत्येक वाचकास त्याचे पुस्तक' हे पाठ म्हणता येते. मात्र वार्षिक अहवालात रकाना असतो तो 'वर्गणीदारां'चा. सभासद, वर्गणीदार आणि वाचक हे तीन शब्द आपण समानार्थी वापरतो. ते तसे नाहीत, हे नव्या ग्रंथपालाला पहिल्याच तासाला सांगितले पाहिजे.

कडेगावात ह्याची कसोटी लागते ती तीन ठिकाणी. पहिले अंध वाचकाचे. मराकेश येथे २०१३ मध्ये झालेल्या आंतरराष्ट्रीय करारास मान्यता देणारे पहिले राष्ट्र भारत होय (२०१४). अंधांसाठी पुस्तकाची श्राव्य किंवा ब्रेल प्रत प्रकाशकाच्या परवानगीवाचून करता येते. ही गोष्ट तालुक्याच्या ग्रंथपालास ठाऊक असणे हे व्यवसाय-शिक्षणाचे काम आहे. तिला खर्च लागत नाही, केवळ माहिती लागते.

दुसरे ठिकाण बोलीचे. कडेगावचा मोहरम आणि तेथील उंच ताबुतांच्या भेटी प्रसिद्ध आहेत. हिंदू आणि मुसलमान दोघेही त्यांच्या उभारणीत असतात. ह्या भागात मोहरमात जी करबलाची गाणी म्हटली जातात, त्यांची भाषा मराठी आणि दखनी ह्यांच्या मिश्रणाची आहे. ग्रंथालयाच्या दाखलनोंदवहीत भाषेचे रकाने मराठी, हिंदी, इंग्रजी एवढेच असतात. ह्या भाषेला रकाना नाही, आणि ती गाणी वह्यांत असली तरी 'ग्रंथ' ठरत नाहीत. ड्यूईच्या दशांश पद्धतीत धर्माच्या दहा विभागांपैकी बहुतेक विभाग एकट्या ख्रिस्ती धर्माला दिलेले आहेत. तीत ह्या गाण्याचे स्थान शोधताना विद्यार्थ्याची जी तारांबळ उडेल, ती त्याच्या शिक्षणाचाच भाग समजावी. लोकगीत म्हणावे तर त्यातील धर्म सुटतो, धर्मग्रंथ म्हणावे तर त्यातील गाव सुटते. पण वर्गांक नंतर ठरविता येईल. गाणाऱ्यांची पिढी थांबणार नाही. ती वही मागून आणून तिची प्रत करून ठेवणे, हे ग्रंथपालाचे काम मानावे असा माझा आग्रह आहे.

तिसरे ठिकाण स्थलांतराचे. खानापूर-कडेगावकडील माणसे सोन्याचांदीच्या गलाईच्या धंद्यासाठी देशभर पांगली आहेत; आणि इकडे वांगीच्या सोनहिरा कारखान्याकडे, ऊस तुटू लागला म्हणजे, तोडणी कामगारांच्या टोळ्या येतात. हंगाम संपला की त्या जातात. शाळेच्या वर्षाचा मोठा भाग त्यांची मुले फडात काढतात. ग्रंथालयाचे सभासद व्हावयास कायमचा पत्ता लागतो, अनामत लागते, ओळख देणारा लागतो. ह्यांतील एकही गोष्ट त्या मुलापाशी नसते. पत्ता विचारला तर ते मुकादमाचे नाव सांगेल. बडोद्याच्या पेटीला पत्ता लागत नव्हता. तीत पुस्तके घालून ती फडावर नेणारा माणूस आणि हरवलेल्या पुस्तकाची किंमत ग्रंथपालाच्या पगारातून कापू नये असे सांगणारा एक नियम, एवढ्यावर हे काम उभे राहू शकते. नियम मंडळाने करावयाचा आहे. तो मागण्याइतका धीर आणि त्याचे कारण मांडण्याइतके शिक्षण ग्रंथपालाजवळ असेल की नाही, हे मात्र तो वर्गात काय शिकला त्यावर ठरेल.