हँडलपासून बॅटरीपर्यंत

आपल्या भागाचा इतिहास लिहायला बसलो की आपण गोंड राजे, निजामाची राजवट, मुक्तिसंग्राम आणि १९५६ची भाषावार प्रांतरचना इथपर्यंत येतो आणि थांबतो. दळणवळणाचा इतिहास फारसा कुणी लिहीत नाही. लिहिलाच तर तो रस्त्यांचा आणि पुलांचा असतो. त्या रस्त्यावरची गाडी सुरू कशी व्हायची, हा प्रश्न इतिहासाच्या पंगतीला बसवलाच जात नाही. आमच्या बाजारहत्नूरसारख्या गावात मात्र त्याचे मोल वेगळे आहे. रात्री दुखणाईत माणूस गाडीत घातला, किल्ली फिरवली आणि नुसता ‘टक्’ असा आवाज आला, तर त्या घरापुरता सगळा इतिहास तिथेच थांबतो.

निजामाच्या रेल्वेने १९३२ साली रस्ता वाहतूक सुरू केली, तेव्हा तिच्याजवळ अवघ्या २७ बसगाड्या होत्या. तो जमाना हँडलचा. गाडीच्या तोंडात लोखंडी दांडा घालायचा आणि अंगातले सारे बळ लावून इंजिन फिरवायचे. हँडल उलटे फिरले तर मनगट मोडे. म्हणून जाणते ड्रायव्हर अंगठा दांड्याभोवती न गुंडाळता बोटांच्याच बाजूला ठेवीत. किल्लीने गाडी सुरू करण्याची विद्या तोवर परदेशात रुळली होती. फ्रान्सच्या गास्तों प्लांते यांनी १८५९ साली शिशाचे पत्रे गंधकाच्या तेजाबात बुडवून पुन्हा पुन्हा भरता येणारी पहिली बॅटरी केली. कामिय फोर यांनी १८८१ साली शिशाचा लगदा लावलेल्या पट्ट्या काढल्या. अमेरिकेत चार्ल्स केटरिंग यांचा विजेचा स्टार्टर १९१२ साली कॅडिलॅक गाडीला बसला. आज आपल्या बॉनेटखाली असते ती बॅटरी याच घराण्यातली. दीडशे वर्षांत तिचा कुळाचार फारसा बदललेला नाही.

डिझेल इंजिनाने या बॅटरीवरचा बोजा वाढवला. पेट्रोलच्या इंजिनात ठिणगी पडते. डिझेलमध्ये ठिणगी नाही. हवा विसाव्या हिश्शाच्या आसपास दाबून इतकी तापवायची की डिझेलचा फवारा पडताच पेट घेईल. एवढा दाब मोडून इंजिन फिरवायचे म्हणजे स्टार्टरला काही क्षण दोन-तीनशे आंपियर करंट लागतो. त्याआधी हीटर प्लग तापवण्यात बॅटरीची थोडी शिदोरी खर्च झालेली असते. म्हणून ज्या बॅटरीवर पेट्रोलची मोटार हसत सुरू होते, तिच्यावर डिझेलची गाडी नुसती कण्हते.

आमच्याकडे डिझेलची ही घरगुती ओळख झाली ती मॅटॅडोरमुळे. पुण्याजवळ आकुर्डीच्या बजाज टेम्पोने जर्मन हानोमागच्या वाणाची ही गाडी १९६९ साली आणली. पुढे तिला मर्सिडीज घराण्याचे २.४ लिटरचे चार सिलिंडरी डिझेल इंजिन मिळाले. कंपनीचे नाव २००५ साली फोर्स मोटर्स झाले आणि मॅटॅडोर बनणेही कधीच थांबले; पण आपल्याकडे पाच माणसांहून मोठ्या कुठल्याही गाडीला जुनी माणसे अजून ‘मॅटॅडोर’च म्हणतात. आमच्या नात्यात अशी एक गाडी आहे. मागची बाके काढून तिथे फळ्यांचा पलंग केला आहे, खाली स्टोव्ह आणि पाण्याचा पिंप. माहूर, बासर, पंढरपूर आणि पुष्य अमावास्येला केसलापूरची नागोबाची जत्रा, असे तिचे वर्ष ठरलेले. परदेशात अशा गाडीला मोठे नाव आणि मोठी किंमत असते. आमच्याकडे ती ‘झोपायची गाडी’.

या गाडीची बॅटरी गेल्या थंडीत संपली आणि नवी कोणती घ्यायची यावर घरात तीन मते पडली. एकाचे मत सर्वांत मोठी घ्यावी. दुसऱ्याचे, इन्व्हर्टरची पडून आहे तीच बसवावी. तिसऱ्याचे, जी स्वस्त ती आपली. इचोड्याच्या मिस्त्रीने तेलुगूत ‘बॅटरी अयिपोयिंदि’ म्हणून निकाल दिलाच होता. पण तो हुशार माणूस. लगेच मराठीत म्हणाला, “दादा, आधी गाडी बघू, मग बॅटरी बघू.”

त्याचे म्हणणे इतिहासकारालाही मानवेल असे होते. आधी टर्मिनल घासून घट्ट केले, बॉडीला जाणारी अर्थची पट्टी तपासली, पट्टा ओढून पाहिला. मग मीटर लावला. रात्रभर उभ्या गाडीची निरोगी बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते; १२ वर आली म्हणजे जवळजवळ रिकामी. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.४ व्होल्ट हवेत. त्याहून कमी असतील तर नवी बॅटरीही उपाशी मरणार, फार जास्त असतील तर उकळून मरणार. दोष अल्टरनेटरचा असताना बॅटरी बदलणे म्हणजे दुखते पोट आणि लेप कपाळाला. आमची गाडी या परीक्षेत उतरली. बॅटरीच गेली होती.

ती थंडीत गेली असे आम्ही सगळे म्हणालो. खरे तर ती उन्हाळ्यातच गेली होती. आदिलाबादचा मे महिना आणि डिसेंबर दोन्ही आपल्याला ठाऊक आहेत. उन्हाळ्यात बॅटरीतले पाणी उडते, आतल्या जाळ्या गंजतात, पट्ट्यांवरचा लगदा झडतो. उष्णता दहा अंशांनी वाढली की ही झीज साधारण दुपटीने होते. पण इंजिन गरम आणि ऑइल पातळ असल्याने गाडी सुरू होत राहते आणि दुखणे झाकले जाते. मग थंडी येते. ऑइल दाटते, बॅटरीचे बळ उतरते आणि सहा महिन्यांपूर्वीचे मरण एखाद्या पहाटे जाहीर होते. म्हणून आपल्या भागात बॅटरीची तपासणी दसऱ्याच्या सुमारास, पहिल्या गारठ्याच्या आत झाली पाहिजे.

दुसरे कारण आपल्या सवयीत आहे. जानेवारी १९८७ मध्ये दूरदर्शनवर ‘रामायण’ सुरू झाले, तेव्हा वीज नसलेल्या गावांत ट्रॅक्टरची बॅटरी काढून टीव्हीला जोडत. बॅटरी म्हणजे घागर, हवे तेव्हा ओतून घ्यावे, ही समजूत तेव्हापासून पक्की आहे. जत्रेत रात्रभर दिवा, पंखा आणि मोबाइल त्याच बॅटरीवर चालतात. पण स्टार्टरच्या बॅटरीच्या पट्ट्या पातळ आणि पुष्कळ असतात. क्षणभर जोराचा करंट द्यावा आणि लगेच भरून घ्यावे, हे तिचे काम. सावकाश तळ गाठू दिला की ती लवकर निकामी होते. इन्व्हर्टरच्या ट्यूब्युलर बॅटरीचे उलट आहे : ती तासन् तास पुरते, पण तो एक झटका द्यायला कमी पडते. तेव्हा घरातले दुसरे मत अर्धेच खरे होते. इन्व्हर्टरच्या बॅटरीला गाडीत जागा आहे, पण पलंगाखाली, दिव्या-पंख्यासाठी; सरकणार-कलंडणार नाही अशी बांधलेली, वाफ बाहेर जाईल अशी आणि मधल्या स्विचने इंजिनाच्या बॅटरीपासून तोडलेली.

सर्वांत मोठीचे मतही पुरते टिकले नाही. पेटी ट्रेमध्ये बसली पाहिजे आणि पट्टीने आवळता आली पाहिजे, कारण सैल बॅटरी खड्ड्याखड्ड्यातून स्वतःलाच मारते. प्लस कोणत्या हाताला येतो हेही पाहायचे, नाहीतर केबल पुरत नाही आणि ताणली जाते. प्लसचा खुंट मायनसहून थोडा जाड असतो, ही जुनी खूण. आमच्या इंजिनाला १२ व्होल्टची, ८० आंपियर-तासांच्या आसपासची बॅटरी ठरली. लेबलवर थंडीतल्या करंटचा आकडा असतो. उणे १८ अंशांवर ३० सेकंद बॅटरी किती आंपियर देते, याचे ते माप. आपल्याकडे तेवढी थंडी पडत नाही. पण दोन सारख्या आकाराच्या बॅटऱ्यांत डिझेलसाठी निवड करताना हाच आकडा पाहावा. जुन्या गाडीचा रेग्युलेटर कधी कधी जास्त व्होल्ट देतो, म्हणून झाकणे उघडून डिस्टिल वॉटर घालता येईल अशीच पेटी आम्ही घेतली. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे तारीख. दुकानात पडून राहिलेली बॅटरी आपोआप उतरते आणि पट्ट्यांवर कडक थर धरते. वर्षभर फळीवर बसलेल्या मोठ्या नावापेक्षा दोन महिन्यांपूर्वीची ताजी पेटी बरी.

आदिलाबादला घ्यायची की किनवटला, हा आमच्याकडचा खास प्रश्न. किनवट १९५६पर्यंत आपल्याच जिल्ह्यात होते. मग सीमा आली आणि सीमेबरोबर दोन भाव आले. करातला हा फरक १ जुलै २०१७ रोजी जीएसटी आल्यावर मिटला. दुकानाच्या फळीवर मात्र भूगोल अजून दिसतो. एक्साइडचा पुण्याजवळचा चिंचवडचा कारखाना १९६९चा, म्हणजे मॅटॅडोरच्याच वयाचा. तिरुपतीजवळची अमर राजा १९८५ची, तिची अमरॉन २०००ची. एक मराठी मुलखातून आली, एक तेलुगू मुलखातून. आपल्यासारखीच दोन्ही इथे शेजारी नांदतात. निवड करावी ती हमीचे कार्ड तारखेसह भरून देणाऱ्या आणि बिघाड झाल्यास गावापासून जवळ असणाऱ्या दुकानदाराकडे पाहून.

राहता राहिली जुनी पेटी. पूर्वी ती फोडून जाळ्याच्या शिशाच्या गोळ्या घरच्या चुलीवर ओतत. सेनेगलमध्ये डाकारजवळच्या थियारॉय-सुर-मेर वस्तीत असेच जुन्या बॅटऱ्यांचे शिसे हाताळले गेले आणि २००७-०८च्या काही महिन्यांत १८ मुले दगावली. शिशाला वास नसतो, चव कळत नाही, आणि ते सर्वांत आधी लेकरांच्या मेंदूवर जाते. आपल्याकडे २००१च्या नियमांनी दुकानदाराला जुनी बॅटरी परत घेणे बंधनकारक केले. २०२२च्या नियमांनी ती जबाबदारी बनवणाऱ्यांवर टाकली. जुनी पेटी दिली की नवीच्या किमतीत सूटही मिळते. स्वस्ताच्या बाजूने उभे राहिलेले तिसरे मत निदान इथे तरी खरे ठरले.

त्या गाडीला आजही हँडलचे भोक आहे. दांडा कधीच हरवला. मनगटाच्या बळाची जागा काळ्या पेटीने घेतली तेव्हा कष्ट गेले, पण राखण करायचे काम आपल्याकडे राहिले. महिन्यातून एकदा पाणी पाहणे, टर्मिनलची पांढरी बुरशी गरम पाण्याने धुणे, दसऱ्याला शस्त्रांबरोबर गाडी पुजताना मीटरही लावणे, एवढीच ती राखण. झेंडूची माळ बॉनेटवर घालतोच आहोत, तर एकदा बॉनेट उघडूनही पाहावे.