वरचा विस्तव

दिवाळीच्या फराळात बेबिंकाला जागा नाही. ती गोव्यातल्या ख्रिस्ती घरांची, नाताळची. तरीही तिच्याविषयी लिहावेसे वाटते, कारण तिला सर्रास ‘पोर्तुगीज पक्वान्न’ म्हणतात आणि मला ते अर्धेच खरे वाटते.

जुन्या गोव्यात सांता मोनिकाचा मठ आहे. त्याचे बांधकाम १६०६ साली सुरू झाले. तिथे झग्यांना खळ देण्यासाठी अंड्यांचा पांढरा भाग खर्ची पडे, आणि उरलेल्या बलकांचे करायचे काय, म्हणून बेबियाना नावाच्या ननने हे पक्वान्न केले, अशी दंतकथा आहे. दंतकथेकडे दाखला मागू नये. पण पोर्तुगालातल्या मठांतही बलक आणि साखर यांचीच गोडधोडे होत, तेव्हा बलकाचा धडा तिकडून आला हे कबूल.

बाकीचे काय? नारळाचे दूध आपले, तूप आपले. जायफळही इकडे पोर्तुगिजांच्या कितीतरी आधीपासून होते. आणि विस्तव! मातीच्या भांड्यावर झाकण, झाकणावर नारळाच्या सोडणांचे निखारे, आच वरून. तिकडे फिलिपाईन्समध्ये तांदळाची ‘बिबिंका’ अशाच वरच्या निखाऱ्यांवर भाजतात, फक्त तिला खालूनही आच असते. नाव आणि रीत दोन्ही इतकी जवळची, की हा निव्वळ योगायोग असेल असे मला वाटत नाही.

घरी करायची तर दहा बलक, पाव किलो साखर, दोन वाट्या नारळाचे दाट दूध, वाटीभर मैदा आणि जायफळाची पूड एकत्र करून गाळून घ्यावी. तूप सढळ हाताने, प्रत्येक थराला चमचाभर. ओव्हनची फक्त वरची आच लावावी. पातळ थर ओतावा, तांबूस झाला की त्यावर तूप, मग पुढचा थर. निदान सात तरी हवेत. हौशी माणसे सोळापर्यंत जातात. सारी दुपार यातच जाते, आणि मधे शेजारीण गप्पांना आली तर एक थर हमखास करपतो.

ही दुपार कोणत्याही मठाच्या हिशेबात नाही. ती गोव्यातल्या बायकांनी पिढ्यान्‌पिढ्या चुलीपुढे घालवली. १९६१ साली पोर्तुगीज सत्ता गेली, त्या मात्र निखारे सारीतच राहिल्या. २०२३ साली बेबिंकाला भौगोलिक मानांकन मिळाले, ते ‘गोव्याची’ म्हणून.

पूर्ण निवल्यावरच ती उलटी करावी आणि कापावी. गरम असताना सुरी लावली की थर सुटतात.